शंख-शिंपले धुऊन ठेवले की खाऱ्या पाण्याची टाकी बिघडते? कारण असं शोधा

समुद्री माशांच्या टाकीत नवे शंख-शिंपले ठेवले, किंवा जुनीच सजावट बाहेर काढून घासून परत ठेवली, की दोन-चार दिवसांत पाणी बिघडतं. पाणी बदललं की तात्पुरतं बरं वाटतं आणि पुढच्या धुण्याला पुन्हा तोच प्रकार. हा दोष दोन उलट दिशांनी येतो. कधी वस्तू पुरेशी साफ झालेली नसते, तर कधी ती गरजेपेक्षा जास्त साफ झालेली असते. लक्षणं वरवर सारखीच दिसतात, उपाय मात्र एकमेकांच्या विरुद्ध आहेत. नीट न बघता आणखी एकदा ब्लीचमध्ये बुडवणं म्हणजे रोग हाल्याला आणि औषध पखालीला.

लक्षणं: काय दिसलं याच्याइतकंच कधी दिसलं तेही महत्त्वाचं

वस्तू ठेवल्यावर दहा मिनिटं ते दोन-तीन तासांत मासे सैरावैरा पळू लागले, अंग वाळूवर घासू लागले, कल्ले भराभर हलू लागले आणि पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ असेल, तर रसायन आत गेलं आहे. ब्लीच, साबण, फिनेल, नाहीतर वार्निश. स्किमर (फेस करून पाण्यातली घाण काढणारं यंत्र) अचानक फेसाने उतू जायला लागला तर साबण किंवा वार्निशवर संशय घ्या.

पहिल्या काही तासांतच पाणी पांढरट झालं, पण मासे नेहमीसारखे फिरतायत आणि खातायत, तर ती बहुधा शिंपल्याची किंवा वाळूची भुकटी आहे.

एक ते चार दिवसांत पाणी दुधाळ झालं, टाकीला मासळीबाजाराचा वास आला, मासे पॉवरहेडच्या (पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाच्या) झोताजवळ किंवा वरच्या थराला येऊन श्वास घेऊ लागले, तर अमोनिया, म्हणजे कुजणाऱ्या मांसातून आणि माशांच्या घाणीतून येणारं विष, वाढलाय. शंखात मांस राहिलं असेल किंवा धुण्यात उपयोगी जिवाणू गेले असतील. सगळ्यात जास्त वेळा दिसणारा प्रकार हाच.

एक ते तीन आठवड्यांनी वस्तूंवर तपकिरी पूड, हिरवे केस किंवा लालसर चिकट पापुद्रा धरला, तर पाण्यात फॉस्फेट किंवा सिलिकेट, म्हणजे शेवाळाचं खाद्य, मिळत राहिलंय.

महिन्याभरात किंवा त्यानंतर मासे ठणठणीत, पण कोळंबी, गोगलगायी, संन्यासी खेकडे एकेक करून मरतायत, तर धातू शोधा. त्यातही आधी तांबं.

मासे धाप टाकत असतील तर कारण शोधणं थांबवा. नवी ठेवलेली वस्तू बाहेर काढा, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) पूर्ण वेगाने चालू करा आणि २५ ते ३० टक्के पाणी बदला. नव्या पाण्याची घनता टाकीइतकीच (१.०२४ ते १.०२६) आणि तापमान एका अंशाच्या आत जुळलेलं असू द्या. मीठ थेट टाकीत कधीही टाकू नका. ते बादलीत विरघळवून, काही तास हवा देऊनच वापरा. ब्लीचची शंका असेल तर दुकानात मिळणारं अँटी-क्लोरीन बाटलीवर लिहिलेल्या मात्रेत घाला, नेहमीच्या फिल्टरमध्ये सक्रिय कोळशाची पिशवी ठेवा आणि त्या दिवशी खाणं देऊ नका. मग पुढच्या तपासण्या याच क्रमाने करा. सोप्या आणि फुकटच्या आधी आहेत.

१. वास घ्या

काढलेली वस्तू कोरडी पुसून पाच मिनिटं झाकणाच्या डब्यात ठेवा, मग झाकण उघडून नाक लावा. सडक्या मासळीचा वास म्हणजे आत मांस आहे. पोहण्याच्या तलावाचा वास म्हणजे क्लोरीन उरलाय. रंगाच्या दुकानाचा वास म्हणजे वार्निश किंवा नीट न सुकलेलं रेझिन (साच्यात ओतून घट्ट केलेलं प्लास्टिकसारखं द्रव्य). सडक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड, त्याबद्दल पाचव्या मुद्द्यात सांगितलंय. नीट साफ झालेल्या शंखाला कोरड्या चुन्यासारखा, जवळजवळ नसल्यासारखाच वास येतो. थंड आणि ओल्या वस्तूचा वास फसवतो, म्हणून हा डबा अर्धा तास उन्हात ठेवून पुन्हा हुंगला तर जास्त खात्री होते.

२. पेलाभर पाणी बाजूला ठेवा

टाकीतलं पाणी काचेच्या पेल्यात घेऊन तीन-चार तास हलवू नका. तळाशी पांढरा थर बसला आणि वरचं पाणी निवळलं तर ती भुकटी आहे. फिल्टरमध्ये बारीक कापूस घाला, दिवसभरात जाईल. पाणी तसंच दुधाळ राहिलं तर ते जिवाणू आहेत, पुढे वाचा. तिसरी एक शक्यता विसरली जाते. त्याच दिवशी पीएच किंवा कॅल्शियम वाढवायचं औषध जास्त पडलं असेल तर कॅल्शियम कार्बोनेट साखळून पाणी पांढरं होतं. यात शंखांचा काही दोष नसतो.

३. बादली आणि ब्रश तपासा

शंख धुतलेली बादली याआधी कपड्यांना किंवा फरशी पुसायला वापरली जायची का? घासणी भांड्यांची होती का? प्लास्टिकला साबणाचा आणि फिनेलचा अंश धरून राहतो आणि तो माशांच्या कल्ल्यांवरचा चिकट संरक्षक थर काढतो. नव्या बादलीत स्वच्छ पाणी घ्या, वस्तू त्यात घालून जोरात ढवळा. फेस दोन-तीन सेकंदांहून जास्त टिकला तर साबण आहे. उपाय सोपा आहे. एक बादली, दोन टूथब्रश आणि एक नळी फक्त टाकीसाठी ठेवा आणि त्यावर मार्करने तसं लिहा, म्हणजे घरातलं दुसरं कुणी ती उचलणार नाही. त्याच खोलीत डासांची कॉईल किंवा झुरळांचा स्प्रे मारला असेल तर तेही आठवा. त्यातलं पायरेथ्रॉइड कोळंबीला आणि माशांना अत्यंत विषारी असतं आणि एअरपंप ते हवेतून ओढून पाण्यात सोडतो.

४. एकदम किती धुतलं?

याला पैसे लागत नाहीत, फक्त प्रामाणिक उत्तर लागतं. टाकीतला अमोनिया खाणारे जिवाणू पाण्यात तरंगत नसतात. ते दगड, शंख, वाळू आणि फिल्टरच्या पृष्ठभागावर चिकटून राहतात. सगळी सजावट एकाच रविवारी बाहेर काढून नळाखाली घासली, शिवाय फिल्टरचा स्पंजही धुतला, तर टाकी पुन्हा पहिल्या दिवसाच्या नव्या टाकीसारखी होते. मासे मात्र तेवढेच असतात आणि घाणही तेवढीच. अशा वेळी शंख चकाचक असतात, कुठेही वास नसतो, तरी तिसऱ्या दिवशी पाणी दुधाळ. मालक समजतो धुणं कमी पडलं आणि पुन्हा धुतो.

एका वेळी सजावटीचा तिसरा हिस्सा, फार तर तेवढाच. पुढचा हिस्सा दोन आठवड्यांनी. फिल्टर त्याच आठवड्यात धुवायचा नाही. लाइव्ह रॉक, म्हणजे जिवाणू आणि छोटे जीव वसलेला समुद्री दगड, तर नळाखाली न्यायचाच नाही. पाणी बदलताना काढलेल्या जुन्या पाण्यात तो हलकेच ब्रशने झटका आणि ते पाणी फेकून द्या. दगडावर किंवा शंखावर जांभळा-गुलाबी कडक थर असेल तर तो मळ नाही. ते कोरलाइन शेवाळ असतं, टाकी चांगली चालल्याचं लक्षण. ते खरवडून काढण्यात काही अर्थ नाही.

५. सजावटीच्या खाली आणि आत काय साचलंय

मोठा दगड किंवा रेझिनचा किल्ला उचलला आणि खालची वाळू काळी दिसली, सडक्या अंड्याचा वास आला, तर तिथे ऑक्सिजन पोचत नव्हता. तो काळा थर एकदम ढवळला गेला तर हायड्रोजन सल्फाइड पाण्यात सुटतो आणि मासे काही मिनिटांत कोलमडू शकतात. अशी वस्तू सावकाश उचला आणि उचलतानाच दुसऱ्या हाताने नळी लावून खालचा गाळ ओढून घ्या. पोकळ सजावटीत पाणी खेळायला निदान दोन भोकं हवीत, एक खाली, एक वर. नसतील तर ती वस्तू कितीही सुंदर असली तरी टाकीत घाण साठवायचा डबाच आहे.

उचलण्याआधी हीटर बंद करा. पाणी खाली गेल्यावर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो, आणि दगड हातातून सुटला तर बहुतेक वेळा हीटरवरच पडतो.

६. रंग, वार्निश, धातू

पर्यटनस्थळी मिळणारे चकचकीत शंख बहुतेकदा वार्निश किंवा तेल लावलेले असतात, आणि भडक गुलाबी-निळे शिंपले रंगवलेले असतात. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये भिजवलेला कापूस न दिसणाऱ्या जागी अर्धा मिनिट दाबून धरा. रंग उतरला, जागा चिकट झाली किंवा तिथली चमक गेली तर वरून लेप दिलेला आहे. कवडीची चमक नैसर्गिक असते, ती या कापसाने जात नाही. वार्निश काढून शंख वापरण्याचा खटाटोप करू नका, वळशांच्या आतलं वार्निश निघत नाही. तो शोकेसमध्येच शोभतो.

लोहचुंबक सजावटीवर सगळीकडून फिरवा. रेझिनच्या आत तारा किंवा वजनासाठी लोखंड असेल तर चिकटेल. चुंबकाला न चिकटणारं पितळ आणि तांबं जास्त धोकादायक असतं, म्हणून चिकटवलेल्या साखळ्या, नाणी, खिळे डोळ्यांनी शोधा. गोड्या पाण्याच्या टाकीत वर्षभर निमूट राहिलेली पितळी वस्तू खाऱ्या पाण्यात काही आठवड्यांत हिरवी होते.

७. आता पाणी तपासायचं किट काढा

चालू टाकीत अमोनिया शून्य हवा. काही किट खाऱ्या पाण्यात मुळातच फिकट हिरवी छटा दाखवतात, म्हणून नुकतंच बनवलेलं मिठाचं पाणी शेजारच्या नळीत घेऊन दोन्ही रंग ताडून बघा. दुकानदाराने अमोनिया बांधून ठेवणारं औषध दिलं असेल तर नेसलर प्रकारचे किट चुकीचे आकडे देतात, आणि सॅलिसिलेट प्रकारचे किट बांधलेला व मोकळा दोन्ही मिळून दाखवतात.

खाऱ्या पाण्यात थोडाही अमोनिया का महाग पडतो, तर पीएचमुळे. गोड्या पाण्याच्या पीएच ७ च्या टाकीत एकूण अमोनियातला विषारी, मोकळा भाग १ टक्क्याहूनही कमी असतो. समुद्री टाकीच्या पीएच ८.२ ला तो २५ अंशांवर ७ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यामुळे गोड्या पाण्याच्या अनुभवावरून ‘अर्धा पीपीएम (दहा लाख भागांत अर्धा भाग) तर आहे’ म्हणून इथे सोडून देता येत नाही.

क्लोरीन तपासायला महागडं काही नको. गावच्या नळयोजनेवर पाणीपुरवठा कर्मचारी जी ओटी टेस्ट करतात तीच. वस्तू बारा तास स्वच्छ पाण्यात ठेवा, मग त्या पाण्यात ओटीचे थेंब टाका. फिकट का होईना, पिवळा रंग आला तर क्लोरीन आहे. तुलनेसाठी नुसतं साधं पाणीही तपासा, नाहीतर नळातलाच क्लोरीन शंखाच्या माथी मारला जाईल. तपासलेलं पाणी टाकीत ओतू नका, हाताला लागू देऊ नका.

८. बादलीची चाचणी

तीन दिवस जातात, पण हिच्याएवढी खात्री दुसऱ्या कशाने मिळत नाही. दोन स्वच्छ बादल्या घ्या, दोन्हींत एकाच वेळी बनवलेलं मिठाचं पाणी, प्रत्येकी दहा लिटर. दोन्हींत एअरस्टोन. एकीत संशयित शंख घाला, दुसरी नुसती ठेवा. ७२ तासांनी दोन्हींचा अमोनिया आणि फॉस्फेट मोजा.

शंखाच्या बादलीत अमोनिया चढला आणि दुसरीत नाही, तर आत मांस आहे. फॉस्फेटच चढलं, तर शेवाळाचं मूळ सापडलं. दोन्ही बादल्या सारख्याच निघाल्या तर शंख निर्दोष आहे आणि चौथा मुद्दा पुन्हा वाचायचा. दोन्हींत सारखंच फॉस्फेट आलं तर तुमच्या पाण्यात किंवा मिठात ते आहे, आरओचं पाणी आणि फिल्टरची तारीख बघा. दुसरी बादली न ठेवता केलेली चाचणी करून न केल्यासारखीच असते, कारण मग दोष कुणाचा हे कळतच नाही.

९. शंखाच्या आतलं मांस

तिसऱ्या, कालवं, शिंपले असल्या दोन झडपांच्या कवचांत लपायला जागा नसते. घासलं की झालं. त्रास देतो तो वळशांचा शंख. जीव मेल्यावर तो आक्रसून शेवटच्या वळशात जातो. तिथे ना ब्रश पोचतो, ना ब्लीच. शंख पाण्यात आडवा टाकला की आत हवेचा फुगा अडकतो आणि ब्लीच त्या फुग्याच्या अलीकडेच थांबतो. बाहेरून पांढराशुभ्र, आतून कुजका.

आधी मांस सोडवा, मग ब्लीच. उलट केलं तर क्लोरीन वरच्या मांसावरच खर्च होतो. ब्लीचच्या पाण्याचा वास काही तासांत उडाला आणि पाणी गढूळच राहिलं, तर असंच झालंय असं समजा.

मांस सोडवायचे दोन मार्ग. साधा आणि सुरक्षित म्हणजे कुजवणं. झाकणाच्या बादलीत साध्या पाण्यात शंख बुडवा, गॅलरीत ठेवा, रोज पाणी बदला. उन्हाळ्यात आठवडाभर, थंडीत दोन आठवडे लागतात. वास येतोच, शेजाऱ्यांना आधी कल्पना द्या. दुसरा मार्ग गोठवण्याचा. पिशवीत घालून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्या, मग वाकवलेल्या तारेने वळशाच्या दिशेने फिरवत ओढा. ओढताना तुटलं तर उरलेलं कुजवूनच काढायचं. उकळणं शक्यतो नको. कवडीची आणि पातळ शंखांची चकाकी अचानक उष्णतेने तडकते. जाड शंख उकळायचाच असेल तर तो थंड पाण्यात ठेवून हळू तापवा आणि त्याच पाण्यात निवू द्या.

मांस गेल्यावर ब्लीच. बिनवासाचं, फेस न करणारं सोडियम हायपोक्लोराइट घ्या. ४ ते ५ टक्क्यांच्या द्रावणाचा एक भाग, पाणी नऊ भाग, म्हणजे पाच लिटरसाठी अर्धा लिटर ब्लीच आणि साडेचार लिटर पाणी. बाटली ताजी हवी, उन्हाळ्यात कपाटात पडून राहिलेल्या बाटलीतला जोर उतरतो. टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) इथे वापरू नका. तिच्यातला चुना वळशांत बसतो आणि नंतर निघत नाही. प्लास्टिकची बादली, रबरी हातमोजे, चष्मा आणि मोकळी हवा. शंखाचं तोंड वर करून बुडवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत पाण्याखालीच स्क्रू पिळावा तसा फिरवा. २४ तास पुरे. बाहेरची तपकिरी साल निघून जाईल, ती जायलाच हवी.

मग तीनदा पाणी बदलून खळबळा, प्रत्येक वेळी आतलं पाणी फिरवून काढा. दहा लिटर पाण्यात पाच ग्रॅम हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे खडे, विरघळवून चार-पाच तास बुडवा. ते क्लोरीनला निष्प्रभ करतं. पुन्हा साध्या पाण्यात बारा तास, ओटी टेस्ट, आणि शेवटी तीन-चार दिवस कडक ऊन. पावसाळ्यात ऊन नसेल तर पंख्याखाली आठवडाभर. घाई फक्त याच पायरीला होते आणि बहुतेक वेळा इथेच फसतं.

एवढं करूनही बादलीच्या चाचणीत अमोनिया आला तर शंख टाकीबाहेर ठेवा. टोकाशी भोक पाडून आतलं धुता येतं, पण ते ओलं ठेवून, मास्क लावून, हाताच्या ड्रिलनेच करावं. शंखाची कोरडी भुकटी फुप्फुसाला वाईट, आणि ओल्या वस्तूवर विजेचं ड्रिल त्याहून वाईट.

व्हिनेगर आणि लिंबू यांचा इथे काही उपयोग नाही. शंख म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. आम्लात तो फसफसतो आणि विरघळतो, वरचा थर खडूसारखा होतो आणि त्या खडबडीत पृष्ठभागावर शेवाळ अधिकच लवकर धरतं. व्हिनेगर काच, पंप आणि प्लास्टिकवरचे क्षार काढायला चांगलं, तेही टाकीबाहेर. ‘शंख ठेवले की कॅल्शियम वाढतं’ हेही चालू टाकीत खरं नाही. पीएच ८.२ ला ते विरघळतच नाहीत.

रेझिनच्या रंगीत सजावटीला ब्लीचपेक्षा हायड्रोजन पेरॉक्साइड बरं. औषधाच्या दुकानात ते बहुधा ६ टक्क्यांचं मिळतं. तेवढंच पाणी घालून ३ टक्के करा, वस्तू टाकीबाहेर पंधरा-वीस मिनिटं बुडवा, ब्रश मारा, दोनदा खळबळा. त्याचं शेवटी पाणी आणि ऑक्सिजनच उरतो.

१०. तांबं

पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर कुणी टाकीत तांब्याचं औषध घातलं असेल, तर त्या टाकीतले शंख, दगड, वाळू सगळ्यांनी तांबं शोषलेलं असतं आणि ते महिनोन्महिने थोडं थोडं सुटतं. सेकंडहँड सजावट घेताना हाच पहिला प्रश्न विचारा. धुऊन, ब्लीच करून, उन्हात ठेवून तांबं जात नाही. तांब्याच्या किटवर काहीही रंग आला तर ती सजावट फक्त माशांच्या टाकीत. जिथे कोळंबी, प्रवाळ, समुद्रफुलं आहेत तिथे अजिबात नाही. पाण्यातलं तांबं शोषणारं रेझिन मिळतं, पण दगडातून ते येत राहिलं तर रेझिन बदलत बसावं लागतं.

कुठे थांबायचं

समुद्रावरून आणलेल्या दगडावर किंवा शंखावर मऊ, बटणासारखे, एकमेकांना चिकटलेले जीव दिसले तर हात लावू नका. ते झोअँथिड असू शकतात. कोकणात भरती-ओहोटीच्या खडकांवर हे जीव आढळतात, आणि त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. असा दगड उकळू नका, त्यावर गरम पाणी ओतू नका, मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, कोरडा घासू नका. वाफेतून विष श्वासात गेल्याने घरातली सगळी माणसं रुग्णालयात दाखल झाल्याची उदाहरणं जगभर नोंदलेली आहेत. तोंडात धातूची चव, थंडी-ताप, खोकला, श्वास लागणं, स्नायू दुखणं यांपैकी काही झालं तर सगळ्यांनी खोलीबाहेर पडा, थेट रुग्णालयात जा आणि डॉक्टरांना पॅलिटॉक्सिन हा शब्द स्पष्ट सांगा. यावर उतारा नाही, लक्षणांवरच उपचार होतात, म्हणून उशीर नको.

ब्लीच आणि बाथरूमचं ॲसिड किंवा व्हिनेगर एकत्र आलं तर क्लोरीन वायू सुटतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन. डोळे-घसा चुरचुरला की बादली आवरत बसू नका, आधी बाहेर. खोकला किंवा धाप राहिली तर डॉक्टर.

पाण्यात हात घातल्यावर झिणझिण्या आल्या तर टाकीला पुन्हा हात न लावता मेन स्विच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. हीटर किंवा पंप तडकलाय. वायरिंगला आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर तोही तेव्हाच बसवून घ्या.

दोनदा पाणी बदलूनही २४ तासांत अमोनिया १ पीपीएमच्या वर राहिला, मासे एकामागून एक जाऊ लागले, किंवा किट सगळं ठीक सांगतंय तरी कोळंबी मरतेय, तर समुद्री टाक्या सांभाळणाऱ्या जाणकाराला बोलवा किंवा माशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याला दाखवा. बोलावण्याआधी लिहून ठेवा: वस्तू कधी ठेवली, कशाने धुतली, पाणी किती आणि कधी बदललं, किटचे आकडे. टाकीतलं एक लिटर पाणी स्वच्छ बाटलीत काढून ठेवा, तेही पुढचं पाणी बदलण्याआधी, नंतर काढलेल्या पाण्यात पुरावा उरत नाही.

आणि काही वस्तू धुवायच्या प्रश्नाआधीच बाद होतात. मेलेलं का असेना, प्रवाळ, समुद्रपंखा, नॉटिलस, ट्रायटन, मोठ्या हेल्मेट शंखांच्या आणि ट्रायडॅक्ना शिंपल्यांच्या काही जाती यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली संरक्षण आहे. किनाऱ्यावर सापडले म्हणून घरी आणता येत नाहीत, दुकानात विकत घेतले तरी सुटका नाही. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख तर उचलूच नका, त्याच्या डंखाचं विष माणसाला घातक ठरू शकतं. बाकीचे उचलताना आत संन्यासी खेकडा नाही ना हे पाणी भरलेल्या डब्यात दहा मिनिटं ठेवून बघा. तो बाहेर डोकावला तर शंख रिकामा नव्हता, जिथून घेतला तिथेच ठेवा.